विश्लेषण : नांदे-चांदे, चोराची आळंदी, तुळापूर… गावाला नाव मिळते कसे?

भातशेतीसाठी ओळखल्या जाणाऱ्या मुळशी तालुक्यात नांदे आणि चांदे ही दोन छोटी गावे शेजारी शेजारी आहेत. बोलताना त्यांची नावे बहुतेक वेळा जोडीनेच येतात, एखाद्या जुन्या गाण्याच्या यमकासारखी. हिंजवडीचे आयटी पार्क इथून फार लांब नाही. त्यामुळे गेल्या काही वर्षांत ही नावे गृहप्रकल्पांच्या जाहिरातींत आणि मोबाइलच्या नकाशांवरही दिसू लागली आहेत. नवा माणूस हमखास विचारतो, हे असले नाव पडले कसे? प्रश्न साधा आहे, पण त्याच्या उत्तरात व्याकरण, ताम्रपट, फारसी कारभार, एक हत्ती आणि केंद्रीय गृह मंत्रालय असे सगळे येते.

‘चांद्याला’ की ‘चांदेला’?

सुरुवात बोलण्यापासून करू. पुण्याला जातो, ठाण्याला जातो असे आपण म्हणतो. ‘पुणेला जातो’ असे कोणी म्हटले तर कानाला खटकते. नांदे, चांदे, घोटावडे, उरवडे ही मुळशीतील नावे याच घडणीची. म्हणून गावातला माणूस ‘चांद्याला चाललो’, ‘घोटावड्यात लग्न आहे’ असे सहज म्हणतो. ‘चांदेला’ किंवा ‘चांदेमध्ये’ हे रूप फलकांवरून आणि इंग्रजी नकाशांवरून नाव शिकलेल्या माणसाचे. नाव इंग्रजीत गेले आणि तिथून परत मराठीत आले की असे होते. हिंजवडीचे ‘हिंजेवाडी’ याच रस्त्याने झाले. दोन्ही रूपे आजही फलकांवर दिसतात.

ही बाब किरकोळ वाटेल, पण नावाचा अभ्यास करणाऱ्यासाठी पहिला पुरावा हाच असतो. गावाचे नाव कागदावर कसे आहे यापेक्षा म्हातारी माणसे ते कसे उच्चारतात आणि कसे चालवतात, हे आधी पाहावे लागते.

कानाला ऐकू येते तेच मूळ का?

‘चांदे’ म्हटले की चंद्र आठवतो. ‘नांदे’ म्हटले की नांदणे, म्हणजे सुखाने राहणे. इतके सोपे अर्थ हाताशी असले की त्यावर कथा रचायला वेळ लागत नाही. कोणता तरी राजा चांदण्या रात्री इथे उतरला आणि प्रजा इथे नांदू लागली, की झाले दोन्ही गावांचे बारसे! अशी कथा गोड असते, पण कानाला साम्य ऐकू येणे म्हणजे पुरावा नव्हे. शतकानुशतके बोलून बोलून नावे झिजतात. झिजलेले नाव पुढच्या पिढीला अनोळखी वाटते आणि मग ती त्याला ओळखीच्या शब्दाशी जोडून टाकते. विदर्भातले चांदा १९६४ मध्ये अधिकृतपणे चंद्रपूर झाले, पण ‘चांदा’ हे बोलीतले रूप काही लोकांच्या तोंडून गेले नाही.

झीज मात्र बेशिस्त नसते. ‘ग्राम’चे गाव झाले, ‘पल्ली’चे वली झाले (डोंबिवली, बोरिवली), ‘खेट’चे खेड, ‘पट्टण’चे पाटण, ‘वाटिका’ची वाडी. शिलाहारांच्या लेखांतले ‘श्रीस्थानक’ म्हणजे आजचे ठाणे. या नियमांमुळेच इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्यासारखे अभ्यासक गावांच्या नावांना इतिहासाचे साधन मानत. ज्या काळाचा कागद उरलेला नाही, त्या काळातील झाडे, वस्त्या आणि देवता नावांत शिल्लक राहतात. पिंपरी, चिंचवड, वडगाव, उंब्रज, बाभूळगाव ही नावे वाचली तरी पिंपळ, चिंच, वड, उंबर, बाभूळ असा झाडांचा पट डोळ्यांपुढे येतो. त्यातली किती झाडे आज उभी आहेत, हा वेगळा प्रश्न.

ही नावे किती जुनी असू शकतात?

आपल्याला वाटते त्याहून बरीच. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा शके ६९० म्हणजे इ.स. ७६८ चा एक ताम्रपट तळेगाव ताम्रपट म्हणून ओळखला जातो. त्यात ‘पुणक’ विषयातील, म्हणजे आजच्या पुण्याभोवतीच्या प्रदेशातील, गावे दान दिल्याची नोंद आहे. दान दिलेल्या जमिनीच्या चतुःसीमा सांगाव्याच लागतात. त्यामुळे दानाच्या गावांबरोबर आसपासच्या गावांची नावेही तांब्यावर कोरली गेली. त्यातले ‘थिउरग्राम’ म्हणजे थेऊर, ‘अरलुव’ म्हणजे उरुळी, ‘सिंदीग्राम’ म्हणजे शिंदवणे, ‘दाडिमग्राम’ म्हणजे डाळिंब, असे अभ्यासकांनी ओळखले आहे. ही सर्व गावे आजही एकमेकांच्या आसपास नांदत आहेत. त्यातले ‘अलंदिय’ म्हणजे थेऊर परिसरातील आळंदी, ज्ञानेश्वरांची आळंदी नव्हे. उत्तरेची सीमा म्हणून सांगितलेली नदी तर मुळाच, जी मुळशीतून वाहत पुण्याकडे येते.

म्हणजे ज्ञानेश्वरांच्या पाचशेहून अधिक वर्षे आधी डाळिंब गावाचे नाव डाळिंबच होते. त्या दहा-पंधरा गावांना हा पुरावा मिळाला तो निव्वळ योगायोगाने. दान त्यांच्या हद्दीत झाले आणि तो पत्रा टिकला. शेजारच्या शेकडो गावांची नावेही तितकीच जुनी असू शकतात, पण त्यांच्या शिवारात कोणी राजाने दान दिले नाही.

बुद्रुक, खुर्द आणि चोराची म्हणजे काय?

एकाच नावाची गावे वाढली की घोटाळा होतो. सारा वसूल करणाऱ्याला तर तो परवडतच नाही. त्यावर तोडगा म्हणजे नावापुढे ओळखीची खूण जोडणे. सुलतानी राजवटींच्या कारभारात फारसी होती. म्हणून ‘बुजुर्ग’ म्हणजे मोठे किंवा वडीलधारे यावरून बुद्रुक, आणि ‘खुर्द’ म्हणजे लहान. मूळ गाव बुद्रुक, त्यातून फुटून वसलेले खुर्द, असा साधारण अर्थ. आज खुर्द लोकसंख्येने मोठे असेल, तरी धाकटेपण त्याच्या नावाला कायमचे चिकटले आहे.

फारसीखेरीज देशी खुणाही भरपूर आहेत. लोणी काळभोर आणि लोणी कंद ही घराण्यांवरून. पिंपळे गुरव, पिंपळे सौदागर आणि पिंपळे निलख ही तीन पिंपळे. आळंदीची गोष्ट तर फारच मजेशीर आहे. पुणे जिल्ह्यात एक आळंदी देवाची, एक म्हातोबाची आणि एक चोराची! तिथल्या शेतकऱ्यांनी कोणाचे काही चोरले असो वा नसो, सरकारी कागदावर त्यांच्या गावाची ओळख तीच आहे. सोयरिकीच्या वेळी गावाचे नाव सांगताना किती जणांनी ‘चोराची’ हा शब्द हळूच गिळला असेल, याची कल्पना करता येते.

तुळापूरला नाव कसे मिळाले?

आतापर्यंत पाहिलेली नावे हळूहळू घडलेली आहेत. एका दिवसातल्या एका घटनेवरून गावाचे नाव बदलले, असे क्वचितच घडते. पुण्याच्या ईशान्येला, हवेली तालुक्यात भीमा आणि इंद्रायणीच्या संगमावर असलेले तुळापूर हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

या गावाचे आधीचे नाव नागरगाव. परंपरेनुसार १६३३ मध्ये सूर्यग्रहणाच्या पर्वणीला आदिलशाहीचा मातब्बर सरदार मुरार जगदेव इथे आला आणि त्याने संगमावर तुळा केली. तुळा म्हणजे तराजूच्या एका पारड्यात स्वतः बसायचे, दुसऱ्या पारड्यात सोने, रुपे किंवा धान्य घालायचे आणि ते दान करायचे. मग त्याच्या मनात आले की आपल्या हत्तीचीही तुळा व्हावी. पण हत्ती तोलणारा तराजू आणायचा कुठून? तेव्हा सोबत असलेल्या शहाजीराजांनी युक्ती सांगितली, असे बखरींतून आलेली कथा म्हणते. हत्तीला नावेत चढवायचे, नाव पाण्यात किती बुडाली तिथे खूण करायची, हत्ती उतरवायचा आणि तीच खूण पाण्याला टेकेपर्यंत नावेत दगड भरायचे. मग दगड थोडे थोडे तोलून त्यांच्या वजनाइतके दान द्यायचे. नागरगावचे तुळापूर झाले ते यावरून.

युक्ती शास्त्रशुद्ध आहे. तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. चार टनांचा हत्ती नावेत चढला की नाव आणखी सुमारे चार हजार लिटर पाणी सारते, आणि तेवढ्याच वजनाचे दगड भरले तरी ती तितकीच बुडते. आर्किमिडीजचे नाव ठाऊक नसलेल्या नावाड्यालाही हे रोजच्या अनुभवाने माहीत असणार.

पण इथे थोडे थांबायला हवे. हीच गोष्ट चीनमध्येही सांगतात. त्साव त्साव या सेनानीच्या त्साव छुंग नावाच्या लहान मुलाने भेट आलेला हत्ती असाच नावेतून तोलण्याची युक्ती सांगितली, असे तिसऱ्या शतकातील ‘तीन राज्यांचा इतिहास’ या चिनी ग्रंथात नोंदले आहे. म्हणजे तुळापूरच्या कथेच्या चौदाशे वर्षे आधी. दोन ठिकाणी दोन हुशार माणसांना एकच कल्पना सुचू शकते, यात शंका नाही. तरीही, जी गोष्ट जगात इतरत्रही तशीच भेटते, ती ऐकताना घटना कोणती आणि सजावट कोणती हे वेगळे ठेवलेले बरे. तुळेची आठवण नावातच आहे, ‘तुळा’ आणि ‘पूर’ यांत दुसरे काही शोधायला नको. हत्ती त्या घटनेत खरोखर होता की कथा रंगवताना आला, यावर मात्र पैज लावू नये.

कथेत सहसा न सांगितली जाणारी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. याच मुरार जगदेवाच्या फौजेने १६३० च्या सुमारास पुणे बेचिराख केले, तिथे गाढवाचा नांगर फिरवला आणि लोखंडी पहार ठोकली, असे परंपरा सांगते. १६३० ते १६३२ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. माणसे गाव सोडून गेली, गुरे मेली, शेते पडीक झाली. त्यानंतर वर्ष-दीड वर्षात पुण्यापासून जेमतेम दिवसभराच्या वाटेवर, दोन नद्यांच्या काठच्या एका शेतकरी गावात सोन्या-रुप्याची तुळा झाली. दान गेले ते ब्राह्मणांना. गावाच्या वाट्याला आले ते नाव. त्या वेळी नागरगावच्या कुणब्यांना काय वाटले, हे कोणत्याही बखरीत नाही.

पुढे ११ मार्च १६८९ रोजी औरंगजेबाने छत्रपती संभाजी महाराजांची याच परिसरात क्रूर हत्या केली. त्यानंतर तुळापूर म्हटले की महाराष्ट्राला तुळा आठवत नाही, बलिदान आठवते. समाधीच्या दर्शनाला येणाऱ्या आणि संगमेश्वराच्या देवळात जाणाऱ्या अनेकांना नावातल्या ‘तुळे’चा अर्थ सांगावा लागतो. नाव तेच राहिले, पण त्यातला अर्थ बदलला.

सत्तेने दिलेले नाव नेहमी टिकते का?

नाही, आणि त्याचा सर्वात मोठा दाखला पुणे शहराचाच आहे. औरंगजेब पुण्याला मुक्कामी असताना त्याचा नातू मुही-उल-मिलन इथे वारला. त्याच्या स्मरणार्थ बादशहाने पुण्याचे नाव ‘मुहियाबाद’ ठेवले. सिंहगडाचे ‘बक्षिंदाबक्ष’ केले. बादशाही फर्मानांत ही नावे आली, पण बाजारात आणि शेतात कोणी ती घेतली नाहीत. तुळापूर टिकले, कारण ते लोकांच्या तोंडी बसले. मुहियाबाद बसले नाही.

आजच्या काळातील तुलना मुळशीतच आहे. मोसे खोऱ्यात वरसगाव धरणाच्या काठी जे खासगी शहर उभे राहिले, त्याचे ‘लवासा’ हे नाव कोणत्याही गावाचे, देवाचे किंवा झाडाचे नाही. ते विक्रीसाठी घडवलेले नाव आहे. ज्या जमिनीवर ते सुरू झाले, तिथली गावे दासवे, मुगाव अशी आहेत. गुगलवर ‘लवासा’ शोधणाऱ्यांपैकी कितीजणांना दासव्याचे नाव ठाऊक असेल?

गावाचे नाव बदलायचे असेल तर काय करावे लागते?

राज्याचे नाव बदलायला संसदेचा कायदा लागतो. गावाचे किंवा शहराचे नाव मात्र शासकीय आदेशाने बदलते. मागणी सहसा ग्रामसभेच्या ठरावापासून सुरू होते, जिल्हा प्रशासनामार्फत राज्य सरकारकडे जाते आणि राज्याचा प्रस्ताव केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. मंत्रालय रेल्वे, टपाल विभाग आणि भारतीय सर्वेक्षण विभाग यांचे मत घेते. त्या नावाचे दुसरे गाव आधीच नाही ना, हे तपासणे हा त्यातला व्यावहारिक भाग. म्हणजे बुद्रुक-खुर्दवाल्यांची अडचण अजून संपलेली नाही.

यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे ११ सप्टेंबर १९५३ च्या पत्रात आहेत आणि ती मुळातून वाचण्यासारखी आहेत. लोकांच्या सवयीचे झालेले नाव अगदी खास कारण असल्याखेरीज बदलू नये. इतिहासाशी जोडलेल्या गावांची नावे शक्यतो बदलू नयेत. केवळ स्थानिक अभिमानापोटी किंवा राष्ट्रीय नेत्यांना मान देण्यासाठी नाव बदलू नये. गेल्या काही वर्षांतील नामांतरे पाहिली, तर ही तत्त्वे कागदावर किती आणि व्यवहारात किती, असा प्रश्न कोणालाही पडेल. मुळशीच्या शेजारच्या वेल्हे तालुक्याचे नावही आता ‘राजगड’ झाले आहे.

पण नाव बदलणे म्हणजे नेहमी राजकारणच असते, असेही नाही. काही नावे तिथे राहणाऱ्याला रोज टोचतात. महाराष्ट्रात कित्येक गावांतल्या वस्त्या जातीच्या नावाने ओळखल्या जात. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अशा वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर यांसारखी नावे देण्याचा निर्णय घेतला. जुने नाव म्हणजे वारसा, असे म्हणताना तो वारसा कोणी सोसला हेही पाहावे लागते.

नांदे-चांद्याच्या परिसरात आज काय पणाला लागले आहे?

मुळशीने गावे गमावणे पूर्वीही पाहिले आहे. टाटांच्या जलविद्युत प्रकल्पासाठी मुळा नदीवर धरण बांधायचे ठरले, तेव्हा पन्नासच्या आसपास गावे बाधित होणार होती. त्याविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. धरण झालेच. तेव्हा शिवारे पाण्याखाली गेली. आता ती इमारतींखाली जात आहेत, आणि इमारतींना त्यांची स्वतःची नावे असतात.

३० जून २०२१ रोजी २३ गावे पुणे महापालिकेत आली. त्यात मुळशीतील म्हाळुंगे, सूस आणि बावधन बुद्रुक होती. बावधन खुर्द त्याआधी १९९७ मध्येच शहरात आले होते. नांदे आणि चांदे त्या यादीत नव्हती, पण शहराची हद्द आता शेजारी आली आहे. गाव महापालिकेत गेले की त्याचे नाव लगेच पुसले जात नाही. पण ग्रामपंचायत जाते आणि तिच्याबरोबर ग्रामसभाही जाते. म्हणजे गावाच्या नावाबद्दल गावाने एकत्र बसून बोलायची जागाच उरत नाही. शेजारच्या माण गावाचा अनुभवही बोलका आहे. राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा मोठा भाग माणच्या जमिनीवर आहे, पण जगाला ठाऊक आहे ते हिंजवडी.

कागदावर गावाला आता आणखी एक ओळख मिळाली आहे. २०२० पासूनच्या नव्या नमुन्यातील सातबाऱ्यावर गावाच्या नावाबरोबर एलजीडी कोड, म्हणजे केंद्राच्या यादीतला आकडा, छापला जातो. संगणकाला बुद्रुक आणि खुर्दचा घोटाळा होत नाही, त्याला आकडा पुरतो.

त्याच सातबाऱ्यावर आणखी एक रकाना आहे. ज्यांची शेती आहे, त्यांनी मोबाइलवर आपला उतारा उघडून तो पाहावा. रकान्याचे नाव आहे ‘शेताचे स्थानिक नाव’. माळ, टेक, मळई, पट्टी, आंब्याचे, विहिरीचे, देवाचे अशी शिवारातल्या प्रत्येक तुकड्याची नावे लिहिण्यासाठी तो ठेवलेला आहे. घरातली आजी-आजोबांची पिढी ही नावे अजून घेते, कारण त्यांच्याशी बोलताना गट नंबर कोणी सांगत नाही. अनेक उताऱ्यांवर मात्र त्या रकान्यापुढे काहीच लिहिलेले नसते.